सेंट जेम्स पार्क वाढवा, पण टेकडी सोडू नका

सेंट जेम्स पार्क हे घरचं मैदान वाढवायचं की नवं बांधायचं, इंग्लंडच्या न्यूकॅसल युनायटेड या फुटबॉल क्लबच्या चाहत्यांमधला हा वाद जुनाच आहे. १६ मार्च २०२५ ला वेम्ब्लीवर लिव्हरपूलला २-१ हरवून ७० वर्षांनी देशातला मोठा चषक घरी आला आणि वाद आणखी तापला. तिकिटं मिळत नाहीत. साधारण ५२ हजारांचं मैदान भरलेलं असतं, सदस्यत्वाचे पैसे भरूनही बॅलटमध्ये, म्हणजे तिकिटांच्या सोडतीत, नाव लागेलच असं नाही. त्यामुळे एक गट म्हणतो, आहे तेच स्टेडियम वाढवा. दुसरा म्हणतो, शेजारच्या लीझेस पार्कच्या जागेवर ६५ हजारांचं नवं बांधा. आपल्याकडचे रात्री जागून मॅच बघणारेही यात हिरीरीने भांडतात आणि ते बरोबरच आहे. फक्त बहुतेक चर्चा 'मालकांकडे पैसा आहे, मग अडतंय कुठे' इथेच थांबते. अडतंय ते जमिनीत, जिन्यांत आणि उन्हात. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

माझं मत आधीच सांगतो. दक्षिणेचा गॅलोगेट स्टँड उंच करावा, साधारण ६० हजारांवर थांबावं आणि मैदान आहे तिथेच, टेकडीवरच, राहू द्यावं.

आधी जागा समजून घ्या. टीव्हीवर स्टेडियम वाकडं दिसतं, कारण ते खरंच वाकडं आहे. पश्चिमेचा मिलबर्न आणि उत्तरेचा लीझेस हे दोन स्टँड १९९८ ते २००० या काळात वर चढवले आणि क्षमता सुमारे ३६ हजारांवरून ५२ हजारांवर गेली. त्यांच्यावरचं छप्पर समोर एकही खांब न देता ६४.५ मीटर पुढे आलेलं आहे. पूर्वेचा ईस्ट स्टँड आणि दक्षिणेचा गॅलोगेट मात्र बुटकेच राहिले. ईस्ट स्टँडच्या पाठीला लीझेस टेरेस आहे. १८३० च्या आसपासची, टॉमस ऑलिव्हरने आखलेली आणि रिचर्ड ग्रेंजरने बांधलेली ही इमारतींची रांग ग्रेड १ संरक्षित आहे. ती पाडता येणार नाही आणि तिचा उजेड अडवून पुढे भिंत उभी करणं परवानगीत बसवणंही जवळपास अशक्य. 'ईस्ट स्टँड पाडून मिलबर्नएवढा करा' हे चित्र कितीही सुंदर असलं, तरी ते डोक्यातून काढून टाका.

उरतो गॅलोगेट. त्याच्या मागे स्ट्रॉबेरी प्लेस हा रस्ता आणि रस्त्यापलीकडे तो गाजलेला मोकळा भूखंड. आधीच्या मालकांच्या काळात २०१९ मध्ये तो हातातून गेला. नव्या मालकांनी २०२३ मध्ये परत मिळवला आणि आज तिथे फॅन झोन आहे. हा तुकडा विकला गेला तेव्हा चाहते एवढे का चिडले होते, ते पुढच्या हिशेबावरून कळेल.

मागच्या रांगेतल्या माणसाला पुढच्याच्या डोक्यावरून मैदान दिसायला हवं. पुढच्या प्रेक्षकाच्या डोळ्यांच्या वरून मागच्याची नजर जितक्या अंतराने जाते, त्याला स्टेडियम बांधणारे 'सी व्हॅल्यू' म्हणतात. ९० मिलिमीटर असेल तर उत्तम, ६० असेल तर चालतं, त्याखाली गेलं की मान वाकडी करावी लागते. आता समजा, वरच्या टियरची (खुर्च्यांच्या वरच्या मजल्याची) शेवटची रांग गोल लाइनपासून ६० मीटर मागे आणि मैदानापासून ३० मीटर उंच आहे, एका रांगेची खोली ८० सेंटिमीटर आहे. ६० मिलिमीटर मिळवायचे तर प्रत्येक पायरी साधारण ४६ सेंटिमीटर उंच लागते, म्हणजे चढ सुमारे ३० अंशांचा. हे ठीक आहे. पण आणखी माणसं बसवायची म्हणून तीच रांग त्याच अंतरावर ४० मीटर उंचीवर नेली, तर पायरी ५९ सेंटिमीटरची आणि चढ ३६ अंशांच्या पुढे जातो. ब्रिटनमध्ये स्टेडियम सुरक्षेची जी 'ग्रीन गाइड' आहे, ती ३४ अंशांच्या वर जाऊ नका असं सांगते, कारण त्याहून उभ्या चढावर गोल झाल्यावर उडी मारणारा माणूस पुढच्या रांगेवर कोसळू शकतो. ४० मीटर उंची हवीच असेल तर ती रांग आणखी सुमारे ७ मीटर मागे न्यावी लागते. गॅलोगेटला ते ७ मीटर म्हणजे स्ट्रॉबेरी प्लेस. आणि रस्ता गिळला, की त्याला वळण द्यायला आणि गर्दीला उभं राहायला पलीकडचा तो भूखंड लागतोच.

हे आकडे मी हिशेब कळावा म्हणून घेतलेत, क्लबचे आराखडे वेगळे असतील. पण भूमिती कुणाचीच बदलत नाही.

जिन्यांबद्दल तर कुणी बोलतच नाही. मॅच संपल्यावर स्टँड ८ मिनिटांत मोकळा व्हावा असा दंडक आहे. सपाटीवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला ८२ माणसं जातात असं धरतात, जिन्यावर ६६. म्हणजे ८ मिनिटांत जिन्याच्या एका मीटरमधून ५२८ माणसं. वाढीव ८ हजार प्रेक्षकांसाठी मिळून १५ मीटरहून जास्त रुंदीचे जिने लागतात. १.२ मीटरचा एक जिना धरला तर १३ जिने! ते ठेवणार कुठे? स्टँडच्या पाठीमागेच. शिवाय स्वच्छतागृहं, चहा-पाईचे काउंटर, व्हीलचेअरसाठी लिफ्ट, हे सगळंही त्याच पट्ट्यात. स्टँड वाढवताना खुर्च्यांना जागा सापडते, खुर्चीपर्यंत पोचायला सापडत नाही. जुन्या मैदानांच्या बऱ्याच आकर्षक योजना याच ठिकाणी मरतात.

जमिनीखाली आणखी एक अडचण. सेंट जेम्स हे मेट्रोचं १९८२ मध्ये सुरू झालेलं शेवटचं स्टेशन गॅलोगेटला अगदी खेटून आहे, तेही भुयारी. वरच्या टियरचं आणि छपराचं वजन मागच्या खांबांवर येणार, आणि पुढे झेपावलेलं छप्पर त्या खांबांच्या पायाला नुसतं दाबत नाही, मागच्या बाजूने उपसूही बघतं. असा पाया खोल लागतो. त्याचे पाइल (जमिनीत खोल उतरवलेले खांब) भुयारापासून सुरक्षित अंतर ठेवून उतरवायचे म्हणजे खांब हवे तिथे देता येत नाहीत आणि दोन खांबांमधलं अंतर वाढवून वर जाड तुळया द्याव्या लागतात. खर्च इथे फुगतो.

आणि ऊन. गॅलोगेट दक्षिणेला आहे, हे विसरू नका. न्यूकॅसल ५५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मार्चच्या उत्तरार्धात भर दुपारी तिथे सूर्य जेमतेम ३५ अंश वर येतो. ४० मीटर उंचीच्या छपराच्या कडेची सावली ५७ मीटर पडते, म्हणजे १०५ मीटरच्या मैदानाचा जवळजवळ अर्धा भाग सावलीत. डिसेंबरच्या अखेरीस तर सूर्य १२ अंशही वर येत नाही, तेव्हा बुटका स्टँडसुद्धा बहुतेक मैदान झाकतो. उपाय आहेत: छपराचा पुढचा पट्टा पारदर्शक पत्र्याचा ठेवायचा, गवतावर चाकांवरचे दिवे फिरवायचे. पण दिवे वीज खातात आणि वाऱ्याला कोपरे बंद केले की गवत ओलं राहून बुरशी धरतं. म्हणून दक्षिणेचा स्टँड वाढवताना कोपऱ्यांत हवेसाठी फटी ठेवाव्याच लागतात. 'चारही कोपरे बंद करून आवाज कोंडा' अशी मागणी करणाऱ्यांनी याचा विचार करावा.

'मग उभं राहून बघायची सोय करा, माणसं वाढतील' असं कुणीतरी हमखास म्हणतं. जर्मनीतल्या डॉर्टमुंडचं उदाहरण देतात. तिथे देशातल्या सामन्यांना ८१,३६५ प्रेक्षक मावतात आणि युरोपीय सामन्यांना सगळ्यांना बसवावं लागायचं तेव्हा सुमारे ६६ हजारच मावायचे, हे खरं आहे. पण इंग्लंडमध्ये उभं राहताना धरायला कठडा असलेल्या खुर्च्यांना परवानगी देताना एका खुर्चीला एकच माणूस असा नियम ठेवला आहे. वातावरण सुधारतं, क्षमता एकानेही वाढत नाही.

आता पैसा. समजा गॅलोगेटवर ८ हजार खुर्च्या वाढल्या आणि वर्षाला घरच्या २५ मॅचेस झाल्या. एकूण २ लाख तिकिटं. सरासरी ४० पौंडांचं तिकीट धरा, त्यातला २० टक्के व्हॅट गेला की हाती ३३ पौंड आणि काही पेन्स. वर्षाला साधारण ६७ लाख पौंड. खर्च? लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानाच्या मेन स्टँडला २०१६ मध्ये साडेआठ हजार खुर्च्यांसाठी सुमारे ११ कोटी पौंड लागले, म्हणजे खुर्चीमागे १३ हजार. न्यूकॅसलला मेट्रो, रस्ता आणि वाढलेले भाव बघून खुर्चीमागे २० हजार धरू. झाले १६ कोटी. ६ टक्क्यांनी नुसतं व्याजच वर्षाला ९६ लाख. म्हणजे साध्या तिकिटांतून व्याजही सुटत नाही!

त्यातल्याच १ हजार खुर्च्या हॉस्पिटॅलिटीच्या, म्हणजे खाण्यापिण्यासकट विकायच्या महागड्या, केल्या आणि मॅचमागे निव्वळ २५० पौंड सुटले, तर त्या हजारांतून वर्षाला साडेबासष्ट लाख येतात. उरलेल्या ७ हजारांतून ५८ लाख. दोन्ही मिळून १ कोटी २० लाखांच्या पुढे. आता गणित बसलं. क्लब काचेआडच्या खुर्च्यांसाठी एवढा आग्रह का धरतो, ते या दोन ओळींत आहे, आणि त्याबद्दल क्लबला शिव्या देण्यात अर्थ नाही. मात्र आठात एक, यापुढे ते प्रमाण जाऊ देऊ नये, हे चाहत्यांनी आत्ताच ठणकावून सांगायला हवं. आराखडा मंजूर झाल्यावर बोलून उपयोग नसतो.

नव्या स्टेडियमचा हिशेब मला याच्यासमोर पटत नाही. लंडनच्या टॉटनहॅम क्लबचं ६२,८५० खुर्च्यांचं मैदान सुमारे १ अब्ज पौंडांना पडलं, खुर्चीमागे १६ हजार. वरवर गॅलोगेटपेक्षा स्वस्त. पण ६५ हजारांचं नवं बांधताना पैसे सगळ्या ६५ हजार खुर्च्यांचे मोजायचे आणि नव्याने हाती येणार फक्त १३ हजार. १०४ कोटी भागिले १३ हजार केलं, की एका वाढीव खुर्चीची किंमत ८० हजार पौंड होते. नवं मैदान हवं म्हणणाऱ्यांचा खरा मुद्दा वेगळा आहे आणि तो मी मानतो: सगळ्याच खुर्च्यांचं उत्पन्न वाढतं, मैफली होतात, मैदानाचं नाव विकता येतं, आणि बांधकाम सुरू असताना जुन्या मैदानावर एकही खुर्ची न गमावता खेळता येतं. शिवाय यूएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेच्या नियमाप्रमाणे खेळाडूंवरचा खर्च उत्पन्नाच्या ७० टक्क्यांत बसवायचा असल्याने उत्पन्नाचा प्रत्येक पौंड संघाला उपयोगी पडतो, आणि प्रीमियर लीगच्या २०२५-२६ पर्यंतच्या नियमांत बांधकामावरचा खर्च तोट्याच्या हिशेबात धरलेला नाही. मालकांना मोठं बांधावंसं वाटणं साहजिक आहे.

पण लीझेस पार्क १८७३ मध्ये खुलं झालेलं, शहराचं पहिलं सार्वजनिक उद्यान आहे. त्याला लागून कॅसल लीझेसची चराऊ जमीन, जिच्यावर शहराच्या फ्रीमेन मंडळींचे गायी चारण्याचे हक्क आजही चालतात. तिथेच स्टेडियम नेण्याचा घाट १९९० च्या दशकातही घातला होता. लोकांनी विरोध केला, योजना बारगळली, आणि म्हणूनच मिलबर्न आणि लीझेस स्टँड वर चढले. आज आपण ज्या वाकड्या मैदानावर प्रेम करतो, ते त्या विरोधातून मिळालं आहे. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठांतून माणसं चालत येतात, तसंच हे मैदान गावाच्या मधोमध आहे. मान्य, नवी जागाही शंभर पावलांवरच आहे. पण त्या शंभर पावलांसाठी गावाची बाग द्यायची, हे मला मंजूर नाही.

काम करायचंच तर ॲनफिल्डकडून क्रम शिकावा. तिथे मेन स्टँडच्या पाठीमागे नवा सांगाडा हंगाम चालू असतानाच उभा केला आणि जुन्याशी जोडणी उन्हाळ्यात केली. गॅलोगेटलाही आधी रस्ता वळवून जमिनीखालच्या वाहिन्या हलवायच्या, मग भुयाराची पाहणी आणि पाइल, मग मागचे खांब आणि जिन्यांचे गाळे. जुनं छप्पर शेवटची मॅच संपली की मे महिन्यात उतरवायचं. ऑगस्टपर्यंत हाताशी आठवडे मोजकेच, त्यामुळे मोठी क्रेन आणि छपराचे तुकडे आधीच तयार हवेत. आणि रस्ता अडवला त्या दिवसापासून मेट्रोकडे जाणारी गर्दी कुठून वळवायची, हे पहिल्या कुदळीआधी ठरलं पाहिजे, कारण गावात उतरणारी वाट त्याच बाजूला आहे.

बिघडतं कुठे, तेही ॲनफिल्डनेच दाखवलं. ॲनफिल्ड रोड स्टँडचं काम करणारी बकिंगहॅम ही कंपनी ऑगस्ट २०२३ मध्ये बुडाली, नवा ठेकेदार आणावा लागला, वरची टियर टप्प्याटप्प्याने उघडत फेब्रुवारी २०२४ उजाडला. तोवर त्या खुर्च्या रिकाम्या. बांधकाम संपलं तरी सुरक्षा प्रमाणपत्राआधी कमी प्रेक्षकांच्या चाचण्या घ्याव्या लागतात, म्हणून हंगामी तिकिटं विकताना क्लबने तारखेची हमी देऊ नये.

गॅलोगेटमध्ये आपले सगळ्यात आवाजी लोक बसतात. 'वॉर फ्लॅग्ज' या चाहत्यांच्या गटाचे झेंडे तिथेच फडकतात. काम सुरू असताना त्यांना चार दिशांना विखुरलं, तर तो आवाज परत जमवायला वर्षं जातील. त्यांना एकत्रच, लीझेसच्या खालच्या टियरमध्ये एकगठ्ठा जागा द्यावी आणि काम झाल्यावर जुन्या दराने जुन्याच रांगांचा पहिला हक्क लेखी द्यावा. नव्या वरच्या टियरमध्ये एक ब्लॉक १८ वर्षांखालच्यांसाठी आणि त्यांना घेऊन येणाऱ्यांसाठी राखून ठेवावा, हंगामी तिकिटात न विकता, दर मॅचला सोडतीने.

तुमच्यापैकी जे ६५ हजारांच्या बाजूने आहेत, त्यांनी कमेंटमध्ये वाढीव खुर्चीमागचा खर्च मांडून दाखवा. माझं गणित कुठे चुकत असेल तर आकड्यांनिशी सांगा.