१४ फेब्रुवारीच्या मेसेजबद्दल खुलासा

काल आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर मीच एक मेसेज पुढे ढकलला होता: 'संयुक्त राष्ट्रांनी १४ फेब्रुवारी हा जागतिक मातृ-पितृ पूजन दिन जाहीर केला, शाळांना सुट्टी.' तो चुकीचा आहे. कोथरूडच्या मावशींनी विचारलं, "सुट्टी नक्की का रे?" तेव्हा कुठे मी तपासलं.

संयुक्त राष्ट्रांच्या संकेतस्थळावरच्या यादीत पालकांचा जागतिक दिवस १ जून आहे. आमसभेने तो २०१२ मध्ये ठरवला. १४ फेब्रुवारीचं पूजन आसाराम यांच्या आश्रमाने २००७ मध्ये सुरू केलेला उपक्रम आहे. कुणाला तो करायचा असेल तर करावा, पण युनोचा शिक्का त्यावर नाही. महाराष्ट्र सरकारच्या सार्वजनिक सुट्ट्यांतही या नावाची सुट्टी नाही.

आपल्याकडे मातृदिन श्रावण अमावास्येला, म्हणजे पिठोरीला असतो. आमच्याकडे अजून होतो. आई चौसष्ट योगिनींची पूजा करते, मग खीरपुरीचं ताट डोक्यावर धरून पाठमोरी विचारते, "अतीत (म्हणजे अतिथी) कोण?" मागून आम्ही "मी!" म्हणत ताट घ्यायचं. पन्नाशीतला दादाही रांगेत असतो. (हल्ली खीर पहिल्यांदा तोच संपवतो.)

कालचा मेसेज मी काढलाय. तुम्ही तो पुढे पाठवला असेल तर तिथेही हा खुलासा टाका आणि जुना मेसेज कृपया आता फिरवू नका. विशेषतः शाळेच्या पालक-ग्रुपवर, नाहीतर त्या दिवशी पोरं घरीच राहतील.