साथीला कोण होतं?

जुन्या ध्वनिमुद्रणांवरून आपल्याकडे दोन वाद कायम पेटलेले असतात. एक, जुन्या तबकड्यांची खरखर काढावी की राहू द्यावी. दुसरा, संग्राहकांच्या कपाटातल्या खासगी मैफलींच्या टेप सगळ्यांना खुल्या कराव्यात की नाही. न्यू जर्सीत राहून वर्षानुवर्षं जॅझ ऐकताना मला मात्र या दोन्हींच्या आधीचा एक प्रश्न छळू लागला आहे: वाजवणाऱ्यांची नावं कुठे आहेत?

१९७७ साली नासाच्या व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अंतराळात गेली, तिच्यात केसरबाई केरकरांची 'जात कहां हो' ही भैरवी आहे. आपल्याला तिचा अभिमान आहे, आणि तो रास्तच आहे. त्याच तबकडीत जॅझवादक लुई आर्मस्ट्राँग आणि त्याच्या हॉट सेव्हन या बँडचं 'मेलन्कली ब्लूज' आहे, १९२७ साली शिकागोत मुद्रित झालेलं. इथला, अमेरिकेतला मुरलेला रसिक त्या वादकांची नावं तोंडपाठ सांगतो: क्लॅरिनेटवर जॉनी डॉड्स, पियानोवर लिल हार्डिन, बँजोवर जॉनी सेंट सिर, ड्रम्सवर बेबी डॉड्स. आणि केसरबाईंच्या साथीला कोण होतं? व्हॉयेजरच्या यादीत फक्त बाईंचं नाव आहे. गायकीवर रात्र रात्र वाद घालणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना उत्तर देता येईल?

अमेरिकेत सगळं आधीपासूनच नीट होतं, अशातला भाग नाही. त्या काळच्या जॅझच्या तबकड्यांवरही बहुधा बँडचंच नाव असे. बाकीची नावं रसिकांनी शोधली. चार्ल्स डेलोने या फ्रेंच माणसानं १९३६ साली जॅझच्या मुद्रणांची सूची छापली, आणि पुढे त्याच वाटेनं जाणाऱ्यांनी कोण, कुठे, कोणत्या तारखेला, एकाच रचनेच्या कितव्या टेकला, म्हणजे कितव्या मुद्रणाला, वाजवत होता याचा पिच्छा पुरवला. वादक जिवंत होते तोवर त्यांना गाठून विचारलं. आज चांगलं पुनर्प्रकाशन हातात घेतलं की हे सगळं आत छापलेलं मिळतं, ते त्या वेडापायी.

या नोंदींमुळे ऐकणंच बदलतं. जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या अल्बमवर (१९५९) पियानो बिल एव्हन्सचा आहे, फक्त 'फ्रेडी फ्रीलोडर'वर विंटन केली आहे. हे ठाऊक असलं की त्या एका रचनेत पियानो एकदम जमिनीवर पाय रोवून का चालतो, ते कानाला कळतं. याच अल्बमच्या पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना टेपयंत्राच्या चुकीच्या वेगामुळे कित्येक वर्षं किंचित चढ्या स्वरात विकल्या गेल्या. १९९२ च्या पुनर्प्रकाशनात ते दुरुस्त झालं. आपल्याकडे ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्या चुकीच्या वेगानं उतरवून घेतल्या जातात आणि त्यावरून गायकाची पट्टी ठरवली जाते. खरखरीपेक्षा भांडायला हा विषय मोठा आहे.

आणि जॅझ आपल्याला परकं तरी कुठे आहे? संगीतकार सी. रामचंद्रांच्या 'अलबेला' चित्रपटातला (१९५१) तो झणझणीत ट्रम्पेट चिक चॉकलेटचा. खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ, गोव्याचा माणूस. सी. रामचंद्रांचं नाव घराघरात पोचलं. पण त्या काळच्या स्टुडिओंत त्यांच्यासारख्यांच्या चाली वाजवणारे कितीतरी गोवेकर रेकॉर्डच्या लेबलवर कधी आलेच नाहीत.

नाव छापलं की न्याय झाला, असं मी म्हणणार नाही. अमेरिकेतही असंख्य वादकांना त्या दिवसाची ठरलेली बिदागी तेवढी मिळाली. रेकॉर्ड पुढे लाखांनी खपली, त्यांच्या घरी त्यातलं काही आलं नाही. पण नोंद असली तर निदान वारसांना दाखवायला कागद असतो.

भारतात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो. म्हणजे 'अलबेला'च्या काळातल्या तबकड्यांच्या ध्वनिमुद्रणावर आता कोणाचा हक्क उरलेला नाही (शब्द आणि चालीचे हक्क वेगळे), आणि त्या नव्यानं निघतातही. असं पुनर्प्रकाशन मुखपृष्ठावर गायकाचा फोटो आणि आत कोरा कागद घेऊन आलं, तर ते विकत घेऊ नये. प्रकाशकाला विचारावं, सारंगीवर कोण होतं, तबल्यावर कोण, व्हायोलिनच्या ताफ्यात कोण. त्या स्टुडिओंत वाजवलेले थोडे लोक अजून आहेत, बाकीच्यांची मुलं आहेत. जुन्या डायऱ्या आणि फोटो घराघरांत पडून असतील. डेलोनेच्या पिढीनं जे पत्रं लिहून लिहून केलं, ते आपल्याला फोनवरून करता येईल, पण ते याच दहा वर्षांत करायला हवं.