'महागाचे पेलेट, भिकार ग्रुप' या अभिप्रायाला दुकानाचं उत्तर

ताई, नमस्कार.

तुम्ही एक तारा देऊन जे लिहिलंय ते दोनदा वाचलं. इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. मुलीच्या राज्य स्पर्धेसाठी तुम्ही आमच्याकडून एअर पिस्तुलाच्या पेलेटचे, म्हणजे शिशाच्या छऱ्यांचे, दहा डबे नेले. पहिला डबा आम्ही तिच्याच पिस्तुलावर तपासून दिला होता, तो उत्तम चालला. बाकीच्या नवांनी घात केला, ग्रुप (कागदावरच्या भोकांचा घोळका) फाकला आणि मुलीचा स्कोअर ५५३ वरून ५३८ वर आला. तुम्ही म्हणता, क्लबातले साधे पेलेट यापेक्षा बरे, कोच म्हणतात ४.४९ मिलिमीटर मापाचा हवा होता आणि आम्ही ४.५० गळ्यात मारला. उघडलेले डबे आम्ही परत घेत नाही. परदेशात लोक स्वतःची काडतुसं स्वतः भरून घेतात, इथे साधा डबा बदलून मिळत नाही. आणि मालक उद्धट आहे.

सगळ्यात आधी चूक कबूल करतो, कारण ती आमचीच आहे.

तुम्ही दोन डब्यांचा शेजारी शेजारी ठेवून फोटो टाकलाय. डावीकडच्या झाकणावर हिरव्या मार्करची खूण आहे, ती माझ्या हातची. उजवीकडच्यावर नाही. फोटो मोठा करून बघितला तर कंपनी तीच, वजन तेच, माप तेच ४.५०, पण खालच्या बारीक स्टिकरवरचा लॉट नंबर, म्हणजे एका खेपेत बनलेल्या मालाचा नंबर, वेगळा. तपासलेल्या लॉटचा तो शेवटचा डबा होता. दुकानातल्या पोराने बाकीचे नऊ नव्या खोक्यातून काढून दिले. त्याला वाटलं डबा तोच आहे. काउंटरवर मी होतो, बिल मी केलं, मीही झाकणं उलटून बघितली नाहीत. स्पर्धेचा माल देताना एवढं बघायलाच हवं होतं. माफी मागतो.

आता लॉटचं एवढं काय, हे सांगतो, कारण तुमच्यासारखे पालक रोज हाच प्रश्न घेऊन येतात. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या कोल्हापूरच्या राधानगरी तालुक्यातल्या नेमबाज स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ आणलं, तेव्हापासून तर जास्तच. सगळ्यांना 'सगळ्यात भारी डबा' हवा असतो. तसा डबा नसतो. पिस्तुलाला मानवणारा डबा असतो.

पेलेट म्हणजे शिशाचा डमरू. पुढचं डोकं सपाट, कागदाला गोल स्वच्छ भोक पाडणारं, मध्ये कंबर, मागे पातळ पोकळ घेर. डोक्याचं माप ४.४९, ४.५०, ४.५१ असं झाकणावर लिहिलेलं असतं. फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा, डोक्यावरच्या केसाची जाडीसुद्धा याच्या कितीतरी पट असते. बॅरलही (पिस्तुलाची नळी) यंत्रावरच बनते आणि तिच्यातही असाच उन्नीस-बीस असतो. साचा झिजतो, बदलतो, शिसं नवीन येतं, म्हणून एकाच कंपनीच्या एकाच मापाचे दोन लॉट एकाच बॅरलमधून वेगळे वागतात. २२ बोअरच्या रायफलवाल्यांना तर हे इतकं पटलेलं आहे की एले, लापुआ या कंपन्यांनी त्यासाठी टेस्ट रेंज ठेवल्यात. नेमबाज आपली रायफल घेऊन जातो, ती शिकंज्यात आवळतात, वेगवेगळे लॉट मारून बघतात आणि जो बसेल त्याच लॉटच्या पेट्या तो उचलतो.

तुमचा अभिप्राय वाचल्यावर मी शनिवारी दुकान उघडायच्या आधी नव्या लॉटचा एक डबा फोडला. क्लबचं जुनं पिस्तूल शिकंज्यात बांधलं, १० मीटरवर कागद लावला. पेलेट बदलला की पहिले दहा शॉट मी धरत नाही, बॅरलला नव्या शिशाची सवय होऊ देतो. मग दहा मारले. भोकांच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत ११ मिलिमीटर, त्यात दोन शॉट उगाच वर गेलेले. त्याच पिस्तुलावर जुन्या लॉटचा माझ्याकडे जपून ठेवलेला कागद ७ मिलिमीटरचा आहे. म्हणजे तुमचं म्हणणं खरं. पण मग माझ्या स्वतःच्या पिस्तुलावर हाच नवा लॉट मारला, तर साडेसहा! आता या डब्याला भिकार म्हणायचं की झकास?

म्हणून ४.४९ की ४.५० हे कोच सरांनाही तोंडी सांगता येणार नाही. सरांबद्दल आदर आहे, त्यांनी पोरं घडवलीत. पण तुमच्या मुलीच्या पिस्तुलावर आम्ही त्या दिवशी तिन्ही मापं मारली होती आणि ४.४९ चा ग्रुप तिघांत सगळ्यात सैल होता. तो कागद तुमच्या बिलाला टाचून दिलाय, घरी सापडेल. क्लबातले साधे पेलेट बरे चालले, तेही मला खोटं वाटत नाही. चालू शकतात. चालत असतील तर सरावाला तेच वापरा, माझं गिऱ्हाईक कमी झालं तरी चालेल.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसणार. पंधराचे पंधरा गुण पेलेटच्या खात्यावर लिहू नका. एअर पिस्तुलाचं दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं असतं आणि पेलेटची कड वर्तुळाला नुसती टेकली तरी दहा मिळतात. म्हणजे पेलेटचा मध्य केंद्रापासून ८ मिलिमीटरपर्यंत सरकला तरी दहा. सैल लॉटने काठावरचे दहा नऊ होतात, हे खरं, आणि काठावरचे नऊ कधी दहाही होतात. ६० शॉटमध्ये त्याने काही गुण जातील, पण ज्यांना सातच गुण मिळाले, सहाच मिळाले ते शॉट पेलेटचे नसतात. हे मी मुलीला दोष द्यायला लिहीत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या सिरीजला (दहा शॉटची एक) ग्रुप फाकलेला दिसला की पोरं नेम धरायची साइट फिरवत बसतात, मग ट्रिगरवरचा विश्वास उडतो, आणि पुढचं सगळं त्यातून होतं. त्या अर्थाने सुरुवात आमच्या चुकीनेच झाली.

परदेशातल्या काडतुसांचं तुम्ही लिहिलंत, ते उदाहरण खरं तर माझ्याच बाजूचं आहे. अमेरिकेत रिव्हॉल्व्हरच्या स्पर्धा खेळणारे काडतुसं घरी भरतात. घड्याळ लावून खेळ असतो, म्हणून ट्रिगर हलका करून घेतात. ट्रिगर हलका झाला की घोड्याचा ठोका हलका पडतो, आणि कडक प्राइमर (काडतुसाच्या बुडातली, ठोक्याने पेटणारी टोपी) पेटतच नाही. मग मऊ प्राइमर शोधायचा, तो खोलवर नीट बसलाय का ते बोट फिरवून बघायचं. गोळी गोल नाकाची घ्यायची, कारण सपाट नाकाची चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या भोकाच्या, काठावर अडते आणि भरताना सेकंद जातात. गोळीचं वजन आणि वेग यांचा गुणाकार स्पर्धेच्या किमान आकड्याखाली गेला तर गुण धरलेच जात नाहीत, म्हणून वेग यंत्रावर मोजायचा. एवढं करून जमलेलं काडतूस शेजाऱ्याच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घातलं तर कदाचित फुस्स! ते लोक भारी काडतूस बनवत नाहीत, आपल्या हत्याराला मानवणारं बनवतात. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे, आणि एअर पिस्तुलाला काडतूसच नसतं. आपल्या हातात राहतं ते फक्त लॉट निवडणं. तेवढंच काम आमचं होतं आणि तेवढंच चुकलं.

उघडलेला डबा परत का घेत नाही, तेही सांगतो. मागचा घेर इतका पातळ असतो की बोटाने जरा दाबला की चेपतो. पाचशे पेलेट डब्यात खुळखुळत स्कूटरच्या डिकीतून दसरा चौकापर्यंत गेले आले की त्यातले काही चेपलेलेच निघतात. घरी करून बघा. काचेवर एकेक पेलेट घरंगळत सोडा. डोकं आणि घेर यांच्या मापात फरक असल्याने ते सरळ जात नाही, वळण घेऊन फिरतं. चांगले सगळे एकसारखं वळण घेतात, चेपलेलं लंगडत जातं. तुमच्याकडून आलेला उघडा डबा मी दुसऱ्याच्या मुलीला विकू का? नियम त्यासाठी आहे आणि राहणार. (आणि काचेवर खेळून झालं की हात साबणाने धुवायचे, शिसं आहे ते. मुलीलाही सांगा, मॅचमध्ये पेलेट ओठात धरायची सवय असेल तर आजच सोडायची.)

पण हा नियम तुमच्यासाठी नाही, कारण न तपासलेला लॉट आम्ही दिला. नवाचे नऊ डबे घेऊन या, उघडलेले असोत नाहीतर बंद. पूर्ण पैसे परत. आजपासून स्पर्धेच्या प्रत्येक बिलावर लॉट नंबर लिहिला जाईल, आणि तपासलेल्या लॉटचे जेवढे डबे असतील तेवढेच त्या नावावर मिळतील. कमी पडले तर कमी, पण जोडीला दुसरे घालणार नाही.

उद्धटपणाचं म्हणाल तर त्या संध्याकाळी पिस्तुलाचे हवेचे सिलिंडर भरायला सात जण रांगेत होते आणि कॉम्प्रेसर दगा देत होता. 'वाचता येत नाही का, नियम लिहिलाय' असं मी म्हणालो. ते म्हणायला नको होतं. आवाज माझा जन्माचाच मोठा आहे, बायकोही हीच तक्रार करते, पण शब्द माझे होते.

मंगळवारी सकाळी दहा ते बारा गर्दी नसते. मुलीला आणि पिस्तुलाला घेऊन या. परवा दोन नवीन लॉट आलेत, दोन्ही तिच्या पिस्तुलावर मारून बघू, पैसे नाहीत. सिलिंडर इथेच २०० बार दाबाला भरून देतो, म्हणजे सगळे शॉट सारख्या दाबाने जातील. मुलीने ग्रिप आणि साइटला हात लावू नये, स्पर्धेत होतं तसंच आणा. आणि डबे डिकीत टाकू नका, मांडीवर घेऊन या.