टेक्सासचे मतदार आणि ‘हातचलाखी’चा आरोप

टेक्सासमधल्या हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक देशांत मूळ असलेल्या, मतदारांवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘2020च्या जनगणनेत टेक्सासमध्ये हिस्पॅनिक 39 टक्के आणि तुम्ही पात्र मतदारांत सुमारे 30 लिहिता, ही हातचलाखी आहे. एच-वनवर (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर) गेलेल्यानं तिथल्या वंशांच्या राजकारणावर बोलूच नये.’ मुद्दा जरूर मांडा. पण हातचलाखी? ओळखदेख नसलेल्या माणसाला सरळ लबाड ठरवायचं, आणि तेही स्वतःचं नाव न लिहिता?

एक चूक कबूल. मी ‘हिस्पॅनिक वंश’ लिहिलं होतं. 2020च्या जनगणनेत वंशाचा प्रश्न वेगळा होता, हिस्पॅनिक आहात का हा वेगळा. गोरा, काळा, कुणीही हिस्पॅनिक असू शकतो. ते दुरुस्त केलंय.

आता एच-वन. होय, 2006 साली त्याच व्हिसावर आलो. नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांतली एका देशाच्या लोकांना वर्षाला सहसा 7 टक्क्यांहून जास्त मिळत नाहीत, म्हणून 11 वर्षं रांगेत काढली. नागरिक झालो 2022 साली. तोवर 2010 आणि 2020, दोन्ही जनगणनांत आमच्या घरातली चार माणसं मोजली गेली. त्यांत पात्र मतदार एकही नव्हता! आम्ही दोघं नागरिक नव्हतो, मुली जन्मानं नागरिक पण अठराच्या आतल्या. 39चे 30 होतात ते असे. तिथल्या हिस्पॅनिकांत मुलं जास्त, नागरिकत्व नसलेले जास्त. हिस्पॅनिक नसलेल्या गोऱ्यांचं उलट: लोकसंख्येत 40 टक्क्यांहून किंचित कमी, पात्र मतदारांत निम्म्याच्या आसपास. मतदारसंघ आखताना सगळी माणसं धरायची की फक्त मतदार, यावर टेक्सासचाच खटला सुप्रीम कोर्टात गेला होता, इव्हनवेल विरुद्ध अ‍ॅबट. 2016 साली कोर्टानं एकमतानं सांगितलं, राज्याला सगळी माणसं धरता येतात. दोन्ही मोजण्या एकच असत्या तर हा खटला उभाच राहिला नसता. हे जरा वाचून मग आरोप केला असतात तर बरं झालं असतं.

आकडा सर्वेक्षणातला अंदाज आहे म्हणता, तर मी ‘सुमारे’च लिहिलंय. प्रत्यक्ष मतदान किती होतं, हा माझ्या लेखाचा विषयच नव्हता.

मी काउंटीचा स्वयंसेवक म्हणून शनिवारी वाचनालयाबाहेर मतदार नोंदणीचे अर्ज भरून घेतो. त्या अर्जावर वंशाचा रकानाही नसतो. मागे एक मेक्सिकन बाई अठरा पूर्ण झालेल्या मुलाला घेऊन आल्या. त्या स्वतः नागरिक नाहीत. मुलगा सही करेपर्यंत त्या शेजारी उभ्या होत्या, मग अर्ज हातात घेऊन नीट पाहिला आणि मला परत दिला. जनगणनेत ती दोन माणसं आहेत, मतदारांत एक. मी त्यांना दोन मतदार लिहू का? याचं उत्तर द्या, आणि या वेळी नावानिशी.