वॉरन बफे आणि ‘कोरडे पाषाण’ : एका आक्षेपाचा प्रतिवाद

श्रीमंतांवरचा कर वाढवण्याचा विषय निघाला की अमेरिकेतले अब्जाधीश गुंतवणूकदार वॉरन बफे यांचे नाव येते आणि त्यापाठोपाठ एक ठरलेला आक्षेप येतो. हे गृहस्थ इतरांना जास्त कर भरायला सांगतात आणि स्वतः तो चुकवतात. एवढी कळकळ असेल तर त्यांनी सरकारच्या नावे चेक लिहावा. ते तो लिहीत नाहीत, म्हणजे मागणी ढोंगी आहे आणि ती विचारात घेण्याचे कारण नाही. ‘लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण’ ही म्हण जोडून हा मजकूर मराठीतही पुष्कळ फिरला आहे. त्यात खऱ्याचा एक अंश आहे, पण तो आक्षेप घेणारे दाखवतात तिथे नाही.

आधी मूळ मागणी पाहू. ऑगस्ट २०११ मध्ये बफे यांनी ‘न्यू यॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहून आदल्या वर्षीचा स्वतःचा केंद्रीय कर जाहीर केला : ६९,३८,७४४ डॉलर, म्हणजे करपात्र उत्पन्नाच्या १७.४ टक्के. त्यांच्या कार्यालयातल्या इतर २० जणांचा दर ३३ ते ४१ टक्क्यांच्या दरम्यान होता आणि सरासरी ३६ टक्के होती. (या आकड्यांत पगारावरचा सामाजिक सुरक्षेचा कर, मालकाने भरलेल्या वाट्यासह, धरलेला होता, तो वगळला तर अंतर कमी होते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे.) कारण उघड होते. त्या वेळी दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावर, म्हणजे बराच काळ धरलेले समभाग वगैरे विकून झालेल्या नफ्यावर, कमाल १५ टक्के आणि पगारावर कमाल ३५ टक्के कर होता. दहा लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नावरचा दर वाढवा आणि त्यात भांडवली नफा व लाभांशही धरा, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे ‘बफे कमी दराने कर भरतात’ हा शोध त्यांच्या विरोधकांनी लावलेला नाही. तो बफे यांनी स्वतःहून मांडलेला पुरावा आहे, आणि साक्षीदाराची साक्षच त्याच्यावर आरोप म्हणून उलटवणे मला न्याय्य वाटत नाही.

‘चुकवतात’ हे क्रियापदही इथे चालणार नाही. करचुकवेगिरी म्हणजे उत्पन्न दडवणे. कायद्याने दिलेली सवलत घेणे ही वेगळी गोष्ट आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये अध्यक्षपदाच्या निवडणुकीतील वादसभेत डोनाल्ड ट्रम्प यांनी बफे यांनी प्रचंड वजावटी घेतल्याचा आरोप केला, तेव्हा बफे यांनी दुसऱ्याच दिवशी २०१५ च्या विवरणपत्रातले आकडे प्रसिद्ध केले. उत्पन्न १,१५,६३,९३१ डॉलर, केंद्रीय प्राप्तिकर १८,४५,५५७ डॉलर, देणग्यांपोटी घेतलेली वजावट ३४,६९,१७९ डॉलर. हा शेवटचा आकडा उत्पन्नाच्या बरोबर ३० टक्के भरतो, कारण देणगीच्या वजावटीला कायद्याने उत्पन्नाच्या प्रमाणात मर्यादा घातलेली आहे. त्या वर्षी त्यांनी प्रत्यक्षात दिलेल्या देणग्या मात्र २८५ कोटी ८० लाख डॉलरच्या होत्या. दानाचा खटाटोप करसवलतीसाठीच चालतो, हा तर्क या दोन आकड्यांसमोर टिकत नाही. वाढलेल्या किमतीचे समभाग थेट दान केले की त्यावरचा भांडवली नफ्याचा कर कधीच लागत नाही, हा फायदा मात्र खरा आहे आणि तो लहान नाही.

चेकच्या मुद्द्यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. अमेरिकी कोषागारात ऐच्छिक देणगी स्वीकारणारे खाते १८४३ पासून आहे. २०१२ च्या सुरुवातीला बफे यांनी उलट आव्हान दिले, की रिपब्लिकन लोकप्रतिनिधी जेवढे स्वेच्छेने देतील तेवढेच मी घालीन. स्कॉट रिगेल या प्रतिनिधींनी ते स्वीकारले आणि बफे यांनी ४९,००० डॉलरचा चेक खरोखरच दिला. तेव्हा राष्ट्रीय कर्ज १५ लाख कोटी डॉलरच्या वर होते. कर हा सगळ्यांना सारखा लागू होणारा नियम असतो, म्हणूनच त्यातून रस्ते बांधता येतात आणि निवृत्तिवेतने देता येतात. गावची पाणीपट्टी वाढवावी असे ग्रामसभेत म्हणणाऱ्याला ‘तू आधी एकट्याने दुप्पट भर’ असे सांगितल्याने नळाला पाणी येत नाही.

आता सर्वांत जास्त फिरलेला आकडा : ‘बफे ०.१ टक्का कर भरतात’. जून २०२१ मध्ये ‘प्रोपब्लिका’ या वृत्तसंस्थेने फुटलेल्या करनोंदींच्या आधारे दाखवले, की २०१४ ते २०१८ या पाच वर्षांत बफे यांची संपत्ती २,४३० कोटी डॉलरनी वाढली, त्यांनी दाखवलेले उत्पन्न साडेबारा कोटी डॉलर होते आणि भरलेला कर २ कोटी ३७ लाख डॉलर होता. उत्पन्नाशी ताडून पाहिले तर हा कर १९ टक्क्यांच्या आसपास येतो. संपत्तीच्या वाढीशी ताडला तरच तो ०.१ टक्का होतो, आणि न विकलेल्या समभागांची वाढलेली किंमत कायद्याच्या दृष्टीने उत्पन्नच नसते. शिवाय त्यांची बर्कशायर हॅथवे ही कंपनीही कर भरते. एकट्या २०२४ सालासाठी तिने २,६८० कोटी डॉलर भरले.

तरीही हा आकडा बाजूला सारण्यासारखा नाही. मी पगारदारांची विवरणपत्रे भरून देतो. दर जुलैत एक शिक्षिका फॉर्म १६ घेऊन येतात. त्यावर तिमाहीगणिक कापलेल्या कराची नोंद असते आणि पगार हातात पडण्यापूर्वीच कर गेलेला असतो. यंदा उत्पन्न नको, पुढे कधीतरी दाखवीन, असे त्यांना म्हणता येत नाही. समभाग धरून बसणाऱ्याला मात्र विक्रीची तारीख, म्हणजेच कराची तारीख, स्वतः ठरवता येते. बर्कशायर लाभांश देत नाही, बफे समभाग विकत नाहीत, त्यामुळे उत्पन्न उगवतच नाही. त्यातही आपल्याकडे वारशाने आलेल्या समभागांची मूळ खरेदी किंमत वारसाकडे तशीच चालत येते. अमेरिकेत मात्र मृत्यूच्या दिवशीचा बाजारभाव हीच नवी खरेदी किंमत धरली जाते आणि हयातीत झालेल्या वाढीवरचा कर कायमचा पुसला जातो.

‘प्रोपब्लिका’च्या वृत्तावर बफे यांनी दिलेले उत्तर मला पटलेले नाही. वाढत्या सरकारी कर्जात थोडीशी घट करण्यापेक्षा आपला पैसा दानातून समाजाच्या जास्त उपयोगी पडेल, असे ते म्हणाले. हा पैसा कुठे खर्च व्हावा हे लोकांनी निवडलेल्या सभागृहाने ठरवायचे की धनिकाने, हाच तर कराचा मूळ प्रश्न आहे, आणि इथे त्यांचे उत्तर त्यांच्या २०११ च्या भूमिकेशी जुळत नाही.

त्यांच्या लेखातून पुढे अध्यक्ष ओबामा यांचा ‘बफे नियम’ आला : दहा लाख डॉलरच्या वर कमावणाऱ्याने किमान ३० टक्के कर द्यावा. १६ एप्रिल २०१२ रोजी सिनेटमध्ये बाजूने ५१ आणि विरोधात ४५ मते पडूनही तो अडला, कारण पुढे जाण्यासाठी ६० मते लागत होती. तो संमत झाला असता असे धरून ढोबळ हिशेब केला, तर २०१४ ते २०१८ या पाच वर्षांत बफे यांचा कर २ कोटी ३७ लाखांवरून पावणेचार कोटी डॉलरवर गेला असता, आणि त्यांची संपत्ती तरीही २,४३० कोटींनीच वाढली असती. बफे यांना जाब विचारायचा असेल तर तो त्यांनी सुचवलेल्या उपायाच्या या तोकडेपणाबद्दल विचारावा.