पौल तुरुंगातून बाहेर पडायला तयार नव्हता

‘सत्ता देवानेच नेमलेली आहे, रोमकरांस पत्र, अध्याय 13 वाचा. ख्रिस्ती माणसाने मोर्चे काढू नयेत, कोर्टाची पायरी चढू नये. एका गालावर मारलं तर दुसरा पुढे करावा आणि प्रार्थना करावी.’ हा मजकूर चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर पुन्हा पुन्हा येतो. पाठवणारे श्रद्धाळू असतात, म्हणून उत्तरही शास्त्रातूनच द्यायला हवं.

तो अध्याय लिहिणारा प्रेषित पौल स्वतः कसा वागला? बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक, अध्याय 16. फिलिप्पै शहरात पौल आणि त्याचा सोबती सीला यांना चौकशी न करता लोकांसमोर छड्या मारल्या, आतल्या कोठडीत टाकलं, पाय खोड्यात अडकवले. सकाळी अधिकाऱ्यांचा निरोप आला, सोडा त्यांना. पौल जागचा हलला नाही. आम्ही रोमी नागरिक, गुन्हा शाबीत न करता आम्हाला चारचौघांत मारलंत, आणि आता गुपचूप घालवून देता? त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावं. रात्री धुतलेल्या जखमा अजून ताज्या असतील, तरी त्याला सुटकेची घाई नव्हती. शेवटी अधिकारी घाबरून आले आणि त्यांची विनवणी करू लागले.

आणि कोर्ट? रोमी सुभेदार फेस्तासमोर उभं राहून त्याने थेट कैसराकडे, म्हणजे रोमच्या सम्राटाकडे, दाद मागितली. करिंथकरांना, म्हणजे करिंथच्या मंडळीला, त्याने कोर्टाबद्दल टोकलं ते भावाभावांतल्या भांडणासाठी. सरकारी अन्याय हा तिथे विषयच नाही.

आता तेरावा अध्याय. चौथ्या वचनात अधिकारी हा ‘तुझ्या हितासाठी’ देवाचा सेवक आहे. हित सोडलं, तर सेवकाला जाब विचारायचाच. हे तुकडे गाळून तो अध्याय वापरला गेला, तेव्हा माणसं चिरडली गेली आहेत. अमेरिकेत 1850 च्या कायद्याने पळालेल्या गुलामांना धरून परत देणं भाग पाडलं, तेव्हा पाठीराख्यांनी हाच अध्याय पुढे केला. जून 2018 मध्ये सीमेवर मुलांना आईबापांपासून तोडलं जात होतं, तेव्हा तिथले ॲटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनीही हाच दाखला दिला.

मोर्च्यांचं म्हणाल, तर 1963 मध्ये अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमच्या आठ गोऱ्या धर्मगुरूंनी कृष्णवर्णीयांना हेच सांगितलं होतं, की रस्त्यावर उतरू नका. मार्टिन ल्यूथर किंग यांनी तुरुंगातून त्यांना उत्तर लिहिलं आणि शद्रख, मेशख, अबेद्नगो यांची आठवण दिली. राजाज्ञा मोडून भट्टीत गेलेले ते तिघे आपण रविवारच्या शाळेत मुलांना आदर्श म्हणून शिकवतो.

राहिला गाल. सूड घेऊ नका, असं येशूने सांगितलं आणि तसंच तो जगला. पण योहान 18 मध्ये महायाजकासमोर एका शिपायाने त्याच्या तोंडात मारली, तेव्हा तो गप्प बसला नाही. मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, म्हणाला, आणि बरोबर बोललो असेन, तर मला का मारतोस?