मधूनच खंगलेला मनोरा

यामागातात आमच्या नगरपालिकेचं माहितीपत्रक दर महिन्याला दारात येऊन पडतं. शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट असते. एकूण लोक किती, त्यात पुरुष किती, स्त्रिया किती; गेल्या महिन्यात जन्मले किती, वारले किती, राहायला आले किती, सोडून गेले किती. जपानच्या या बर्फाळ ईशान्य भागात कारखान्यातल्या नोकरीसाठी येऊन मला सहा वर्षं झाली आणि तेव्हापासून मी हे पत्रक मागच्या पानापासूनच वाचते. जन्मलेल्यांचा आकडा वारलेल्यांपेक्षा मोठा होता, असा एकही महिना मला आठवत नाही.

रविवारी वाशीम जिल्ह्यातल्या माझ्या गावी फोन होतो. आई म्हणते, "गावात आता बुढे अन् बुढ्याच रायल्या माय." दादाचं वेगळंच. तो ग्रामपंचायतीचा सदस्य आहे, लोक त्याच्याकडे स्थळं विचारायला येतात. "पोट्ट्यायले पोरी भेटून नाई रायल्या," हे वाक्य त्याच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलंय की आता नवं कोण राहिलंय तेवढंच विचारते.

आणि मग मी आपल्याकडच्या बातम्या उघडते. तिथे वाद वेगळाच चाललेला असतो : दोन की तीन? १ डिसेंबर २०२४ ला नागपुरात सरसंघचालक मोहन भागवत यांनी जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी होणारी मुलं, २.१ च्या खाली जाऊ नये, त्यासाठी किमान तीन अपत्यं हवीत, असं सांगितलं. त्याच्या आधी आंध्रचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू तेच बोलले होते. दुसरीकडे आपल्याच राज्यात १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालेल्याला ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. दादाच्या पारावर दोन्ही बाजूंचे लोक आहेत, तावातावाने बोलतात. मला दोन्ही बाजू सारख्याच अपुऱ्या वाटतात, कारण दोघंही एकच आकडा धरून बसलेत. गावात माणसं किती, याहून ती कोणत्या वयाची आणि त्यात बाया किती, पुरुष किती, हे आधी बघायला हवं.

बारावीच्या भूगोलात आपण सगळ्यांनी लोकसंख्येचा मनोरा काढलाय. मधे उभी रेघ, डावीकडे पुरुष, उजवीकडे स्त्रिया. तळाला ० ते ४ वयाची पोरं, त्यावर ५ ते ९, असं चढत चढत ऐंशीच्या पुढे. पाच मार्कांचं चित्र. ते गावाच्या गेल्या ऐंशी वर्षांचं चरित्र असतं, हे मला इथे येऊन कळलं.

जपानच्या मनोऱ्यात १९६६ सालच्या जागी दोन्ही बाजूंनी एक खाच आहे. ते 'अग्निअश्वा'चं वर्ष होतं. साठ वर्षांनी एकदा येणाऱ्या या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याला भारी पडते, अशी जुनी समजूत. लोकांनी त्या वर्षी मूलच होऊ दिलं नाही. आधल्या वर्षापेक्षा जन्म सुमारे पाव हिश्श्याने घटले. माझ्यासोबत काम करणाऱ्या एक बाई त्याच सालच्या. शाळेत त्यांच्या वर्गात नेहमी बाक रिकामे असायचे म्हणे. एका वर्षाची अंधश्रद्धा साठ वर्षांनंतरही त्या चित्रात बोट ठेवून दाखवता येते.

त्या बोलत होत्या तेव्हा मला आपलं चित्र दिसत होतं. त्यांच्याकडची खाच दोन्ही बाजूंना आहे, कारण मुलगा-मुलगी दोघंही त्या वर्षी जन्मले नाहीत. आपल्याकडे फक्त उजवी बाजू कुरतडलेली आहे, आणि एक वर्ष नाही, सलग कित्येक वर्षं. महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटात हजार मुलग्यांमागे मुली १९९१ ला ९४६ होत्या, २००१ ला ९१३, २०११ ला ८९४. गर्भलिंगचाचणीविरुद्ध देशातला पहिला कायदा आपल्याच राज्याने १९८८ मध्ये केला होता, तरीही. विदर्भातही सगळीकडे सारखं नाही. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर २०११ मध्ये ९५० च्या वर होते. आमचं वाशीम आणि शेजारचं बुलढाणं राज्याच्या सरासरीच्याही खाली. जंगलातल्या, गरीब म्हणवल्या जाणाऱ्या जिल्ह्यांनी मुली राखल्या आणि सोनोग्राफीचं मशीन ज्यांच्या हाताशी होतं त्या आपण गमावल्या. हे लिहिताना मला अजूनही लाज वाटते.

२००१ साली ० ते ६ वयात असलेल्या मुली आज पंचवीस ते एकतीस वर्षांच्या आहेत. दादाकडे ज्यांच्या नावाने विचारणा होते, त्याच या. पण इथे हिशेब नीट करू या. निसर्गाने मुलगे थोडे जास्तच जन्मतात, १०० मुलींमागे साधारण १०५. म्हणजे हजार मुलग्यांमागे साडेनऊशेच्या आसपास मुली असणं स्वाभाविक. ९१३ म्हणजे हजारामागे जेमतेम सदतीस-अडतीस कमी. आमच्या गावात बिनलग्नाचे पोट्टे शंभरात चार नाहीत, त्याहून कितीतरी जास्त आहेत. बाकीचे कुठून आले?

एक कारण कोणी बोलत नाही. आपल्याकडे नवरा बायकोपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा हवा, ही रीत. जन्म दरवर्षी घटत असतील, तर आजच्या तिशीतल्या मुलांची पिढी मोठी आणि ज्यातून त्यांनी मुलगी बघायची ती पंचविशीतली पिढी आपोआप लहान. कोणी एकही गर्भ पाडला नसता, तरी ही ओढाताण झालीच असती. दुसरं कारण मी स्वतः आहे. शिकलेली मुलगी अमरावतीला जाते, पुण्याला जाते, माझ्यासारखी आणखी लांब जाते, आणि जिरायती वावर असलेल्या घरी परत येत नाही. आईबापही देत नाहीत. सोयाबीन-कपाशीच्या भरवशावर आणि कर्जात घर कसं ओढावं लागतं, ते त्यांनी बघितलेलं असतं.

यामागाताच्या डोंगराळ गावांत १९८० च्या दशकात नेमकं हेच झालं होतं. इथे मुलींचे गर्भ कोणी पाडले नव्हते, जन्मावेळचं प्रमाण अगदी नैसर्गिक होतं. तरी शेतकऱ्याला बायको मिळेना, कारण मुली तोक्योला निघून गेल्या. तेव्हा इथल्या काही गावांच्या पंचायतींनी पुढाकार घेऊन फिलिपिन्समधून वधू आणल्या. त्यातल्या काही बाया आज इथल्या आज्या झाल्यात, बाजारात भेटतात. आल्या तेव्हा त्यांना भाषा येत नव्हती, आणि पहिल्या दिवसापासून सासूसासऱ्यांचं करायचं होतं. आपल्याकडे एजंट पैसे घेऊन लांबून मुली आणतो आणि आठवड्यात मुलगी दागिने घेऊन पसार, अशा बातम्या येतात तेव्हा लोक मुलीला शिव्या देतात. तिला विकलं कोणी, हे विचारायला हवं. आणि आपल्या गावात तर दोन्ही कारणं एकत्र आली आहेत : मुली आधीच कमी, त्यात उरलेल्या निघून गेल्या.

तिसरं मूल यातलं काय सोडवणार? आज जन्मलेलं बाळ वीस-बावीस वर्षांनी कमावतं होईल आणि तेव्हा तेही पुण्याला जाईल. महाराष्ट्राचा जननदर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १.७ होता. जपान या आकड्यावर १९८७ च्या सुमारास होता. त्यानंतरही वीसेक वर्षं इथली लोकसंख्या वाढतच राहिली, कारण आधी जन्मलेल्या मोठ्या पिढ्या अजून हयात होत्या; उतरण २००८ नंतर लागली. १९८९ चा जननदर १.५७, त्या अग्निअश्वाच्या वर्षाच्याही खाली, असं कळलं तेव्हा देश हादरला. तेव्हापासून सरकार अधिक मुलं व्हावीत म्हणून पैसा ओततंय. २०२४ चा आकडा १.१५ आहे. दिवसभर काम आणि घरी सगळं बाईवरच, हे ज्या समाजात बदलत नाही, तिथे बाई मूल वाढवायचं ठरवत नाही. माझ्या वयाच्या इथल्या मैत्रिणी मला हेच सांगतात, आणि गावाकडच्याही.

जपानने एक गोष्ट मात्र वेळेत केली, आणि तिच्याबद्दल आपल्याकडे अवाक्षर ऐकू येत नाही. २००० साली इथे वृद्धांच्या देखभालीचा सक्तीचा विमा सुरू झाला. चाळिशीपासून प्रत्येकजण हप्ता भरतो, मीही त्या वयाची झाले की भरीन. सकाळी पांढरी गाडी येते, शेजारच्या आजींना खुर्चीसकट आत घेते, अंघोळ, जेवण, व्यायाम करून दुपारी आणून सोडते. एकट्या राहतात त्या. मनोऱ्याच्या टोकाला बायाच जास्त असतात, इथेही आणि आपल्याकडेही. बाई जास्त जगते आणि नवरा वयाने मोठा, म्हणून शेवटची वर्षं ती विधवा म्हणून काढते. गावाकडे आमच्या गल्लीत अशा किती तरी जणी आहेत. पोरगा चाकणला, पोरगी नांदायला, श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० रुपये, आणि बँकेत अंगठा उमटला नाही की तेही अडकतात. पारावर दोन की तीन चालू असताना त्या ओट्यावर बसून ऐकत असतात.

आपली शेवटची जनगणना २०११ ची. आता २०२७ ला होतेय. मोजणारे आले की एवढं करा : म्हाताऱ्या माणसाने "साठ" म्हटलं की लगेच लिहू देऊ नका. माझी आजी दहा वर्षं साठचीच होती. अशाने मनोऱ्यात ६०, ६५, ७० वर खोटी टोकं उभी राहतात. बहात्तरच्या दुष्काळात तू केवढी होतीस, लगीन झालं होतं का, पहिलं पोर पोटात होतं का, असं विचारलं की बुढी बरोबर सांगते.

पण गावाने तेवढी वाट बघायची गरज नाही. अंगणवाडीच्या रजिस्टरात घरोघरचं वय लिहिलेलं असतं, आशाताईकडे असतं, जन्म-मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत असते. मी दादाच्या मागे लागले. अंगणवाडीच्या ताईंनी दोन संध्याकाळ बसून आलेखाच्या कागदावर आमच्या गावाचा मनोरा काढला, पेन्सिलीने, आणि फोटो पाठवला. तळ अरुंद आहे. मधे विशीपासून पस्तिशीपर्यंत उजवी बाजू इतकी आत गेलीय की मी फोटो मोठा करून बघितला, काही चुकलं तर नाही ना म्हणून. वर सत्तरीच्या पुढे तीच बाजू बाहेर येते. आई तिथे आहे.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत तो मोठा करून भिंतीवर लावायचा असं ठरलंय. दादा म्हणतो, पोट्टे चिडतील. मी म्हटलं, बुढ्यांना पुढच्या रांगेत बसव आणि देखभालीचा विषय पहिला घे, पोरींचा दुसरा. ताई विचारत होत्या, जे बाहेरगावी गेले त्यांना वेगळ्या रंगाने दाखवायचं का. हो म्हटलं, दाखवा.